‘तहानलेला’ नेमका सुरू कुठून होतो

मिलिंद,

आधी बातमी सांगतो, रडायचं नंतर बघू. आपलं भांडण मिटलं! ‘तहानलेला’मधला तो घोडेस्वार भूत आहे की नाही, यावरून आपण इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर बसलो होतो, त्याचा निकाल मागच्या आठवड्यात लागला. लावला सुजातावहिनींनी. तुझ्याच घरात, तुझ्याच टीव्हीवर, भर दुपारी. आणि मित्रा, तू हरलास. मीही हरलो. हे तुला सांगायला मी सवयीनं सायकल काढून दुकानाकडे निघालोसुद्धा. एसटी स्टँडपर्यंत पोचल्यावर कुलूप दिसलं. मग तिथल्याच टपरीवर चहा घेतला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

तू कशानं गेलास, कुठल्या दवाखान्यात नेलं, हे मी लिहिणार नाही. ते सगळ्या महागावला पाठ झालंय. तुझ्या पुण्यानुमोदनाला भाषणं झाली. त्यात तू मनमिळाऊ होतास, कष्टाळू होतास आणि एका वक्त्याच्या मते मितभाषी होतास. मितभाषी! मी तोंडावर रुमाल धरून हसलो. लोकांना वाटलं, मास्तर रडतोय. खरं म्हणजे दोन्ही चालू होतं.

तुझं सीडी सेंटर म्हणजे स्टँडसमोरचं एक खोकं. लोक यायचे लग्नासाठी टीव्ही भाड्यानं न्यायला, भजनं न्यायला, नवा हिंदी सिनेमा न्यायला. आणि तू त्यांच्या पिशवीत घोडेवाला सिनेमा सरकवायचास. नांदेडहून गठ्ठ्यानं आणलेल्या त्या जुन्या सीड्या. कशाला कव्हर नाही, कशावरचं नाव घासून गेलेलं. म्हणून नावं आपणच ठेवली. ‘लंगडा’, ‘तीन टोप्या’, ‘चर्चातली घंटी’, ‘तहानलेला’. खरी नावं काय होती ते आपल्याला कधीच कळलं नाही आणि कळावं असं वाटलंही नाही. हे सिनेमे अमेरिकेचे नाहीत, इटलीवाल्यांनी स्पेनमध्ये जाऊन काढलेत, असं तुला कुठूनसं कळलं, त्या दिवशी तू दुकान उघडं टाकून माझ्या शाळेत धावत आला होतास.

“मास्तर, पाह्य! इटलीवाल्यायनं स्पेनात जाऊन अमेरिका उभी केली. मंग आपल्या महागावात काहून नाही उभी राहात? उन्हाळ्यात पुसदच्या रस्त्यावर क्यामेरा लावला की झालं!”

वर्गातली पोरं खो खो हसली. पण मे महिन्यात त्या रस्त्यानं जाताना मला अजूनही वाटतं की समोरून एखादा टोपीवाला येईल.

नवख्याला काय द्यायचं, याचे तुझे नियम होते आणि ते तू पंचांगासारखे पाळायचास. पहिल्यांदा ‘लंगडा’. आटोपशीर सिनेमा, खलनायक नुसत्या दातांवरून ओळखू येतो, गोळ्या मोप. तो आवडला तरच ‘तीन टोप्या’. त्यात बराच वेळ कोणी बोलतच नाही. माशी घोंगावते, घाम ओघळतो, डोळे बारीक होतात. पहिले काही गिऱ्हाईक ती सीडी परत घेऊन आले, “आवाज येत नाही बावा, खराब आहे,” म्हणून. तेव्हापासून तू ती देताना बजावायचास, “कोनी बोलत नाही म्हणून टीव्हीले थापडा नका मारू. ते लोक इचार करून राह्यले.”

आणि भुताचे घोडेवाले सगळ्यात शेवटी. “आधी बंदुकीची ओळख होऊ द्या, मंग भुताची. गोळीनं माणूस मरते हे ज्यानं पाह्यलंच नाही, त्याले गोळी न लागणाऱ्याचं भेव कसं वाटन?” हे वाक्य तू इतक्यांदा म्हणालास की मला त्याचा वीट आला होता. आज मान्य करतो, वाक्य चांगलं होतं. पण पटलेलं तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही. माझं म्हणणं, आपली माणसं येतात ती भुताच्याच दारानं. इथं प्रत्येक विहिरीत कोणीतरी आहे, प्रत्येक चिंचेवर कोणीतरी बसलंय. त्यांना आधी भूत द्या, घोडा ते आपोआप सांभाळून घेतील. आपण काउंटरवर हे भांडत असताना गिऱ्हाईक मुकाट्यानं एखादा हिंदी सिनेमा उचलून निघून जायचं.

ती वर्षं कापसाची होती, म्हणजे कापसाच्या वाईटाची. यवतमाळचं नाव काढलं की बाहेरचा माणूस आवाज खाली आणायचा. तुला त्याचा भयंकर संताप यायचा. “आपल्याले काय नुसतं रडताच येते?” म्हणायचास. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, माणसं दिवसचे दिवस आपापल्या कापसावरच झोपायची. तू टेंपोत टीव्ही आणि जनरेटर टाकून थेट जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसलास. सिनेमा इंग्रजीत. समजणार कोणाला? तर तू उभा राहिलास टीव्हीच्या बाजूला आणि सुरू केलीस कॉमेंट्री.

खलनायक काहीतरी खेकसायचा. तू म्हणायचास, “काहून आला बे इकडं?” हिरो टोपी वर करायचा. तू लगेच, “पानी प्याले आलतो.” खलनायक थुंकायचा. “मंग पी अन् निंघ!” आणि अख्खी शेड ओरडायची, “नको निंघू रे!”

इंग्रजी तुला माझ्यापेक्षाही कमी यायचं. पण एकदाही अडला नाहीस. एखादी बाई पडद्यावर दोन मिनिटं रडत बोलली, तर तूही दोन मिनिटं बोलायचास, तिचं माहेर कुठलं इथपासून. वरून मला दटावायचास, “मास्तर, भाव धर, शब्दाले काय चाटते?”

एकदा मुंबईहून एक पत्रकार बाई कॅमेरावाल्याला घेऊन आल्या होत्या, आठवतं? रांगेतल्या एका म्हाताऱ्यासमोर माइक धरून म्हणाल्या, “काका, या परिस्थितीत तुम्हाला काय वाटतं?” म्हाताऱ्यानं टीव्हीवरची नजरही हलवली नाही. “थांब बाई जराशी, गोळी चालून राह्यली.” तू धावत गेलास. मला वाटलं, आता हा हिला काहीबाही सुनावतो. तर तू म्हणालास, “म्याडम, हा मधातून नका पाहू, मजा जाते. तुम्ही नव्या आहा ना? तुमच्यासाठी ‘लंगडा’ लावतो.” आणि लावलास! बाई पूर्ण सिनेमा बसल्या, कापसाच्या गाठोड्यावर. निघताना त्यांनी विचारलं, “यानंतर कोणता बघू?” पुढं त्यांनी काय छापलं कोण जाणे. पण त्या प्रश्नावर तू वर्षभर जगलास.

आता ‘तहानलेला’. जो कोणी हे वाचेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या भाषेत, नवख्याला वाऱ्यावर सोडायचं नसतं. एका गावात एकच विहीर, ती एका दांडगेश्वराच्या ताब्यात. सिनेमा सुरू होतो तोच मारामारीनं. हिरो विहिरीसाठी भांडतो, दांडगेश्वराला आणि त्याच्या माणसांना लोळवतो आणि स्वतःही गोळी खाऊन मरतो. एक विधवा बाई त्याला माती देते. शेवटची मूठ पडताना सीडी अडकते, तिथे आपला इंटरव्हल. मग दुसरी सीडी. धाडधाड गोळ्यांच्या आवाजात नावं येतात, आणि नावं संपताच टेकडीवरून घोड्यावर कोण येतो? तोच! मेलेला! गावात शिरून पाणी मागतो, आणि गावात कोणी त्याला ओळखत नाही. ज्या बाईनं माती दिली तीही नाही. एवढंच नाही, त्यानं मारलेला दांडगेश्वर ओट्यावर बसून सुपारी कातरावी तसा निवांत नखं कातरतोय.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपण दोघं खुर्चीवरून उठलो होतो. इंटरव्हलनंतर नावं! “काय डोकं आहे बे याचं!” तू किंचाळलास. आणि त्याच संध्याकाळी भांडण सुरू झालं. तू म्हणालास भूत. तोच नव्हे, अख्खं गाव भुताचं आहे, आणि कोणालाच ते माहीत नाही. मी म्हणालो स्वप्न. मरता मरता त्याला दिसलेलं. भूत असता तर सावली पडली नसती. “तिकडं ऊन जास्त आहे, पडते,” तू म्हणालास. मी म्हणालो, भुताचे पाय उलटे असतात. “बुटात काय दिसते?” तू म्हणालास. मजा म्हणजे बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला तू, आयुष्यात कधी भूतबीत न मानलेला, भुताची वकिली करत होतास. आणि ज्याच्या घरी अमावास्येला उंबऱ्याशी लिंबू ठेवतात तो मी, भूत नाही म्हणून घसा कोरडा करत होतो.

सिनेमाचा शेवट मात्र मी इथं सांगत नाही. अजून सांगत नाही.

सुजातावहिनींनी यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता, हे तुला माहीतच आहे. दुकानात बसायच्या, सीड्या पुसायच्या, मशीन उघडून लेन्स साफ करायच्या, पण सिनेमा लागला की उठून जायच्या. “धुळीत धूळ पाहाची कायले? घरी काय कमी आहे?” तू कितीदा विनवलंस. मीच म्हणायचो, सोड रे, बायकोनं आपलं वेड पाहिलं नाही तर संसार टिकतो. तू हसायचास, पण ते तुला लागायचं. नवख्यांची तुला एवढी हौस, आणि घरातलं एक नवखं माणूस तुझ्या हाती कधी लागलं नाही.

पुण्यानुमोदनानंतर मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. उमरखेडहून त्यांचा भाऊ त्यांना न्यायला येणार होता. दुकान सोडायचं ठरलं होतं. सीड्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या, भंगारवाल्यासाठी. म्हणाल्या, “भाऊजी, एक इचारू? यायले काय दिसे त्याच्यात?”

मी पोत्यातली एक सीडी उचलून उगाच उलटसुलट करून पाहिली.

“एक दाखवा मले,” त्या म्हणाल्या. “एकच. दुसरा नाही पाहाची मी. यायचं अर्धं आयुष्य त्याच्यात गेलं, अन् मी पाठ करून बसली. आता जाच्या आधी पाहू द्या.”

मिलिंद, माझी झोप उडाली. एकच! चुकीचा निवडला तर त्या दहा मिनिटांत उठणार, पोतं भंगारात जाणार, आणि तुझा तो अर्धा भाग त्यांच्यासाठी कायमचा परका राहणार. तुझ्या नियमानं ‘लंगडा’ द्यायला हवा होता. पण दातांवरून खलनायक ओळखण्यात वहिनींना काय मिळणार? ‘तीन टोप्या’ला त्या टीव्ही बंद करून भाजी निवडायला घेणार. मी रात्री पडल्या पडल्या, वर्गात फळ्यावर लिहितानाही तोच विचार करत होतो. शेवटी तुझ्या सगळ्या नियमांना फाटा देऊन ‘तहानलेला’ काढला. मेलेला माणूस परत येतो, हे त्यांनी पाहावं असं मला वाटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

दुपारी लाइट आली तसा पोचलो. पोत्यातून पाकीट काढलं. मशीनला हात लावणार तोच वहिनी म्हणाल्या, “ठेवा तुम्ही. तुम्ही तोडसान. मी लावतो.” मी चहाचा कप घेऊन मागं बसलो. आणि टीव्हीवर धाडधाड गोळ्या सुटून नावं यायला लागली.

“वहिनी, थांबा! ही नंतरची. चरा पडलेली आहे ती आधी लावायची.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आपण बिनडोक पोराकडे पाहतो तसं. “भाऊजी, सिनेमा नावांपासूनच सुरू होत असते.”

मिलिंद, मी कप हातात धरून बसलो आणि टेकडीवरून आपला माणूस आला. गावात कोणी त्याला ओळखलं नाही, कारण तो पहिल्यांदाच आला होता! दांडगेश्वर जिवंत होता, कारण त्याला अजून कोणी मारलंच नव्हतं! बाईनं त्याला पाणी दिलं, आणि पुढच्या सीडीत ती त्याच्यासाठी एवढी का रडली ते मला उभ्या जन्मात पहिल्यांदा कळलं. भूत नाही, स्वप्न नाही, काही नाही. साधा, सरळ घोडेवाला सिनेमा. पहिल्या दिवशी तुझ्या हाताला लागली ती सीडी तू आधी लावलीस, आणि तोच आपला वेद झाला. खरेदी केंद्रावरच्या शेकडो माणसांना आपण तो उलटा दाखवला. अर्ध्या तालुक्याला आपण भूत पाजलं! मला एकाच वेळी उड्या माराव्याशा आणि जमिनीत जावंसं वाटत होतं. मधेच मी तुझी कॉमेंट्री करायचा प्रयत्न केला. “काहून आला बे,” एवढंच म्हटलं. वहिनी म्हणाल्या, “चूप राहा. तुमाले नाही जमत.”

पण मग चरा पडलेली सीडी लागली आणि मी कप खाली ठेवला. कारण आता शेवटी काय होतं? तो मरतो. बाई माती देते. वहिनी पुढे वाकून बघत होत्या. शेवटच्या मुठीला सीडी अडकली, त्यांनी ती काढून पदरानं नीट पुसली, परत घातली, आणि या वेळी ती पार झाली. तिकडच्या भाषेत समाप्त असं काहीतरी आलं आणि पडदा काळा. आपण कधीच न पाहिलेलं ते अक्षर. मी मनात म्हणालो, मास्तर, दुनियेत एवढे सिनेमे, आणि या बाईला तू नेमकी मूठमाती दाखवलीस.

वहिनींनी सीडी काढून पाकिटात ठेवली. मग म्हणाल्या, “चांगला आहे. पण भूत कुठी आहे याच्यात? तुम्ही दोघं इतके साल कायवरून भांडत होते?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चऱ्याची सीडी, इंटरव्हलनंतरची नावं, भुताचं गाव, बुटातले पाय.

“म्हंजे यायनं त्याले आधी मारला,” त्या हळूहळू म्हणाल्या, “अन् मंग जिता केला?”

“हो.”

“अन् इतके साल तसाच पाह्यला?”

“तसाच.”

मग त्या हसल्या. मिलिंद, काय हसल्या! ठसका लागेपर्यंत, भिंतीला पाठ टेकून, तुझ्या नावानं “येडे, येडे” करत. तू गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. शेजारीण डोकावून गेली. मग त्याच हसण्यात त्यांना रडू आलं, आणि मलाही आलं. आम्ही दोघं तुझ्या बंद टीव्हीसमोर बसून मोकळं रडलो. तू असतास तर म्हणाला असतास, पाह्य, सिनेमा लागला म्हंते तो असा!

डोळे पुसून त्या म्हणाल्या, “उद्या तसाच लावा. यायच्यावानी.”

“एकच पाहणार म्हणालात ना?”

“तोच तर आहे एकच.”

दुसऱ्या दिवशी चरा पडलेली सीडी आधी लावली. तो लढला, पडला, बाईनं माती दिली. वहिनींनी या वेळी पुसली नाही, अडकू दिली. मी सीडी बदलली. नावं आली. त्या इतक्या सरसावून बसल्या होत्या की मला भीती वाटली. टेकडीवर आधी टोपी दिसली, मग घोड्याचे कान, मग तो अख्खा.

“आला,” वहिनी म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनी श्वास रोखून पाहिलं. त्यानं पाणी मागितलं, त्याला हाकललं, बाईनं पाणी दिलं. आणि मग तो शेवट, जो मी तुझ्या नियमाखातर कोणा नवख्याला सांगत नाही, पण तू तर नवखा नाहीस. दिवेलागणीला तो तिच्या घरापाशी थांबतो. जायचं की राहायचं, कळत नाही. मग घोड्यावरून उतरतो, खोगीर काढतो आणि दाराशी भिंतीला टेकवून ठेवतो. बाई आतून काहीतरी विचारते. इंग्रजीत, एकच वाक्य. तो मान हलवतो आणि आपली सीडी संपते.

बाईनं विचारलं. आता कॉमेंट्री तुझी होती. मी तुझी वाट पाहिली, खरंच सांगतो, सवयीनं पाहिली.

“जेवाले वाढू का, म्हणून इचारून राह्यली ते,” वहिनी म्हणाल्या.